‘>’ खूण असलेल्या ओळी उडवू नका: असॅसिन स्काय पॅट्रोलची पारख

आरसीबी तारे, म्हणजे उत्तर मुकुट तारकासमूहातल्या ‘आर’ ताऱ्याचे जातभाई, शोधायचे तर ओहायो स्टेट विद्यापीठाच्या असॅसिन (ASAS-SN) या आकाश-सर्वेक्षणाचं स्काय पॅट्रोल, म्हणजे ताऱ्यांच्या तेजाच्या नोंदी देणारं संकेतस्थळ, आधी उघडावं. फुकट आहे. हे तारे कार्बनची काजळी धरून काही आठवड्यांत कित्येक प्रती (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा मोठा तितका तारा मंद) मंद होतात, सावरायला मात्र महिने, कधी वर्षं घेतात. आपल्या आकाशगंगेत दीडशेच्या आसपासच माहीत आहेत, तेव्हा एकेक मोलाचा.

कृती साधी. विषुवांश, क्रांती (ताऱ्याचं आकाशातलं स्थान सांगणारे दोन आकडे) आणि किती दिवस मागे जायचं तो आकडा भरायचा. जुन्या आवृत्तीत मोजणी मागणी केल्यावरच होते, म्हणून आकडा मोठा तर थांबणंही मोठं. आधी 100 दिवस मागवून जागा बरोबर आहे ना ते पाहा, मग सगळी वर्षं मागवा. ताऱ्यांच्या दाटीच्या भागात साध्या मोजणीपेक्षा प्रतिमा-वजाबाकीचा (नव्या चित्रातून संदर्भचित्र वजा करून फरक मोजण्याचा) पर्याय निवडा.

आता मुख्य गोष्ट. तारा दिसला नाही त्या रात्री प्रतीच्या रकान्यात ‘>’ खूण आणि मर्यादा (त्या रात्री दिसू शकली असती ती सर्वांत मंद प्रत) येते, त्रुटीच्या रकान्यात 99.99. बहुतेक जण फाइल उघडल्या उघडल्या या ओळी गाळतात. चिपाडं म्हणून रसच फेकला! आरसीबीचा पूर्ण बुडालेला काळ नेमका त्याच ओळींत असतो. त्या वेगळ्या रंगात, खाली टोक केलेल्या बाणांनी काढा. ढगाळ किंवा चांदण्या रात्रींची मर्यादा उथळ असते, त्यामुळे एखाद-दुसरा बाण काही सांगत नाही. सलग आठवडे खोल मर्यादा आल्या तर दखल घ्या.

दुसरी ठेच 2018 च्या सांध्यावर लागते. त्याआधी व्ही (हिरवट-पिवळ्या उजेडाची) गाळणी होती, पुढे जी (निळसर-हिरव्या उजेडाची). तांबूस तारा जी गाळणीत मुळातच मंद दिसतो, त्यामुळे तिथे खोटी पायरी तयार होते. गाळणी आणि कॅमेरा या रकान्यांप्रमाणे आलेख वेगळे काढल्याशिवाय निष्कर्ष नको.

उपकरणाची खरी मर्यादा पिक्सेलची. दुर्बिणी 14 सेंमीच्या, पिक्सेल 8 विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग), दोन ताऱ्यांत सुमारे 16 विकला अंतर नसेल तर दोघांचा उजेड एकच मोजला जातो. शेजारी तितकाच तेजस्वी, स्थिर तारा असेल तर आपला तारा पार विझला तरी आलेखात घसरण जेमतेम 0.75 प्रतीची! म्हणून छोटी घसरण दिसली की गाया या अंतराळ दुर्बिणीच्या तारायादीत शेजारी तपासा. 10-11 प्रतीपेक्षा तेजस्वी तारे कॅमेऱ्याचे पिक्सेल काठोकाठ भरून टाकतात, मग मोजमाप बिघडतं. खुद्द आर, सहाव्या प्रतीचा असताना, इथे नीट मोजता येत नाही.

दाटीसाठी कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेच्या झेडटीएफ (ZTF) सर्वेक्षणाचे प्रकाशालेख सरस, पिक्सेल 1 विकलेचा आणि पोच 20.5 प्रतीपर्यंत. पण तिथल्या आलेखात फक्त दिसलेल्या नोंदी असतात, न दिसल्याच्या नाहीत. बुडी म्हणजे नुसती रिकामी जागा. कॅटफ्लॅग्ज (catflags, नोंदीचा दर्जा सांगणारा रकाना) 32768 किंवा जास्त असलेल्या ओळी टाकून द्या. दक्षिण आकाश तिथे नाही, असॅसिनला आहे: हवाई, टेक्सस, चिले, दक्षिण आफ्रिका. आपल्याकडे पावसाळ्यात उत्तर मुकुट ढगांआड जातो, तेव्हा याचीच मदत.

सापडलेल्या ताऱ्याच्या नावनोंदणीची घाई नको. मायरा जातीच्या, आकुंचन-प्रसरण पावणाऱ्या ताऱ्यांची घसरण ठरावीक काळाने येते, आरसीबीची बेभरवशी. अवरक्तात वाइझ (WISE) या अंतराळ दुर्बिणीचं मोजमाप जास्त असेल तर धुळीची शंका बळावते. व्हीएसएक्स (VSX) या चलताऱ्यांच्या जागतिक सूचीत नोंद आधीच आहे का ते पाहा. नसेल तर स्थान, प्रतीचा पल्ला, जात आणि आलेख जोडा. जातीपुढे अनिश्चिततेचा अपूर्णविराम (:) ठेवा, कारण पक्की मोहर वर्णपटाचीच, आणि तो हानलेच्या 2 मीटर चंद्रा दुर्बिणीसारख्या यंत्राकडून मिळतो.