सेल्सफोर्समधला वेगळा इंटिग्रेशन यूजर: काही महिने वापरल्यावर

आमची सेल्स टीम सेल्सफोर्सवर, म्हणजे ग्राहकांच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, काम करते आणि कॉलिंगसाठी बाहेरची एक टेलिफोनी सेवा त्याला जोडली आहे. कॉल आला की नंबरवरून लीड (संभाव्य ग्राहक) किंवा कॉन्टॅक्ट शोधायचा आणि कॉल संपला की टास्क, म्हणजे कॉलची नोंद, टाकायचा, एवढंच तिचं काम. तरी त्यांच्या सेटअप गाइडमध्ये सुरुवातीलाच लिहिलं होतं की सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर प्रोफाइलचा, म्हणजे जवळजवळ सगळे हक्क असलेला, यूजर द्या. मी ठाम नकार दिला आणि वेगळा इंटिग्रेशन यूजर (माणसासाठी नाही, फक्त बाहेरच्या सेवेसाठीचं खातं) केला. त्रास झाला, पण आजही तेच करायला सांगेन.

खर्चाची सबब इथे चालत नाही. एंटरप्राइझ, अनलिमिटेड आणि परफॉर्मन्स एडिशनला 2023 पासून असे 5 लायसन्स फुकट मिळतात. हा यूजर फक्त एपीआयने (एका प्रोग्रॅमने दुसऱ्याशी बोलण्याच्या मार्गाने) आत येतो, ब्राउझरमधून लॉगिन होत नाही. एक गोष्ट मात्र आधीच करून घ्या: यूजरला ‘सेल्सफोर्स एपीआय इंटिग्रेशन’ हे परमिशन सेट लायसन्स द्या. ते नसेल तर लीड-कॉन्टॅक्टचे हक्क असलेला तुमचा परमिशन सेट (हक्कांचा संच) त्याला देताच येत नाही. टास्कचीही गंमत आहे. टास्क तयार करण्याचा हक्क लीडसारखा ऑब्जेक्ट (नोंदीचा प्रकार) सेटिंगमध्ये मिळत नाही, ‘एडिट टास्क्स’ हा हक्क वेगळा शोधावा लागतो.

खरा वेळ खाल्ला तो शेअरिंगने, म्हणजे कोणाला कोणते रेकॉर्ड दिसतात त्या नियमांनी. आमच्याकडे लीड प्रायव्हेट आहेत. नव्या यूजरच्या मालकीचं एकही लीड नाही, त्यामुळे क्वेरी बिनबोभाट चालायची आणि शून्य रेकॉर्ड यायचे. एरर नाहीच, म्हणून सगळे फोन नंबरच्या फॉरमॅटवर संशय घेत बसले. उपाय होता फक्त लीड आणि कॉन्टॅक्टवर ‘व्ह्यू ऑल’ (त्या प्रकारचे सगळे रेकॉर्ड पाहण्याचा हक्क) देणं. ‘व्ह्यू ऑल डेटा’ दिलं असतं तर तेही सुटलं असतं, पण मग कोटेशन, केसेस, सगळंच त्या सेवेला उघडं.

नवीन फील्डचं दुखणं अजून अधूनमधून उपटतं. कोणी लीडवर फील्ड वाढवलं, टेलिफोनीवाल्यांनी ते मागितलं, की उत्तर येतं ‘नो सच कॉलम’. स्क्रीनवर फील्ड ढळढळीत दिसत असतं, पण इंटिग्रेशनच्या परमिशन सेटमध्ये त्याचा रीड हक्क दिलेला नसतो. एरर वाचून माणूस एपीआय नेमच्या स्पेलिंगमागे धावतो. फील्ड बनवतानाच तो हक्क टिक करायची सवय टीमला लावली, तेव्हा तक्रारीचे फोन कमी झाले.

एवढा खटाटोप कशाला, असं वाटत असेल तर ऑगस्ट 2025 आठवा. सेल्सलॉफ्टच्या ड्रिफ्ट या चॅट सेवेचे ओऑथ टोकन (पासवर्ड न देता आत येऊ देणाऱ्या डिजिटल चाव्या) चोरून अनेक कंपन्यांच्या सेल्सफोर्समधला डेटा बाहेर काढला गेला. टोकन ज्या यूजरचं, त्याला जे दिसतं ते चोरालाही दिसतं. म्हणून बाहेरच्या सेवेच्या जोडणीत, म्हणजे कनेक्टेड अ‍ॅपमध्येही अ‍ॅडमिनने मंजूर केलेल्या यूजरनाच प्रवेश ठेवा आणि ओऑथ स्कोपमध्ये (टोकनला किती मुभा, ते ठरवणाऱ्या यादीत) ‘फुल’ देऊ नका.

रोजच्या कामातला फायदा मला सर्वांत मोलाचा वाटतो. टास्कवर ‘क्रिएटेड बाय’मध्ये त्या इंटिग्रेशनचं नाव येतं, त्यामुळे ‘हे कोणी टाकलं’ हा वाद उरला नाही. आता व्हॉट्सअ‍ॅपची सेवा जोडायची आहे. तिच्यासाठी दुसरा यूजर, दुसरा परमिशन सेट. आणि कोणते ऑब्जेक्ट, कोणते फील्ड लागतात याची लेखी यादी व्हेंडरकडून आल्याशिवाय मी यूजर तयार करणार नाही.