मिरगीच्या पुडीवाल्यानं फसवलं, घरात गरोदर बाई असेल तर वाचा

१९,००० रुपये. नावनोंदणीचे ५००, तीन महिन्यांच्या पुड्यांचे १४,७००, बाळासाठी म्हणून दिलेल्या बाटलीचे ३,८००. सोयाबीनचे पैसे नुकतेच हाती आले होते, तेच मोजून दिले.

बायकोला लहानपणापासून मिरगी. दिवस राहिले तेव्हा व्हॅल्प्रोएटची गोळी सुरू होती. दारव्ह्याला मंगल कार्यालयात शिबिर लागलं. तिथला माणूस म्हणाला, या गोळीनं बाळात व्यंग येतं. मोबाइलवर पाहिलं तर खरंच निघालं. दहा बाळांत साधारण एकाला जन्मजात व्यंग, तिघा-चौघांची बोलण्या-शिकण्याची वाढ मागे. मी अडाणी नाही. माणूस खरं बोलला म्हणून विश्वास ठेवला. पण गोळी एकदम तोडली तर लागोपाठ झटके येऊन आई-बाळ दोघांच्या जिवावर बेततं, हे त्यानं दाबून ठेवलं. बाळाला कमी धोक्याची गोळी डॉक्टर बदलून देतात, हेही. आशाताई सांगत होत्या, मनानं बंद करू नका. नाही ऐकलं.

आमच्या गोळ्यांची पाकिटं त्यानं मागून घेतली, “हे विष घरात ठेवू नका वहिनी” म्हणत स्वतःच्या पिशवीत टाकली. बिल मागितलं तर, “जडीबुटीचं कसलं बिल भाऊ?” डबीवर परवाना नंबर नाही, तारीख नाही. तिथंच उठायला पाहिजे होतं. तिसऱ्या रात्री बायको म्हणाली, “या पुडीनं मले गार्डिनलसारखी गुंगी येऊन राहिली.” लहानपणी तिला मिरगीसाठी गार्डिनलची गोळी होती, ती गुंगी तिच्या ओळखीची. मी म्हणालो, गुण येऊन राहिला असंल. ते आठवलं की झोप उडते.

बाराव्या दिवशी ती चुलीपुढं पडली. हात कोपरापर्यंत भाजला. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, अशा पुड्यांत फेनोबार्बिटोन मिसळलेलं सापडतं. गार्डिनल म्हणजे तेच, आणि बाळाला तेही सुरक्षित नाही.

पोलिस म्हणाले, तुम्हीच पैसे दिले, तुम्हीच पुडी चारली. औषधांच्या कार्यालयात चार चकरा. साहेब दौऱ्यावर. मग बिल आणा. मग सील फुटलेली डबी चालत नाही. अरे, पुडी पोटात गेल्याशिवाय फसवणूक कळणार कशी? चौथ्यांदा, पत्ता परराज्यातला आहे. मिरगी बरी करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे, आणि त्याचा फ्लेक्स बसस्टँडसमोर आठवडाभर टांगलेला. एकालाही दिसला नाही? तुम्ही तरी डबी फोडायच्या आधी फोटो काढा. आणि मूल हवं असेल तर दिवस राहायच्या आधीच डॉक्टरांकडून गोळी बदलून घ्या, आम्ही उशीर केला.

आता सातवा महिना, डॉक्टरांनी बदलून दिलेली लेव्हेटिरॅसिटामची गोळी सुरू आहे. सोनोग्राफीत मणका, हृदय ठीक दिसलं. बाकीचं पोर बोलायला लागल्यावर कळेल. तोच फ्लेक्स परवा दिग्रसला लागलाय, खाली मोबाइल नंबर नवा आहे.