रविवारची डेक्कन क्वीन, गाणाऱ्यांच्या नजरेतून

महिन्यातून एका रविवारी मी पुण्याहून दादरला एका मराठी ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) उपासनेत गायला जाते. सव्वासातची डेक्कन क्वीन माझी ठरलेली. १ जून १९३० पासून धावणारी ही गाडी मला घरच्यासारखी वाटते.

बिनएसी डब्यात खिडकीजवळची जागा घ्या. एसीच्या गारव्यात माझा घसा बसतो, आणि काही तासांनी आल्टो (बायकांचा खालच्या पट्टीतला सूर) गायचा असतो! डायनिंग कारमधलं ऑम्लेट गरम असतानाच खावं. चीज टोस्ट मात्र मी परतीसाठी राखून ठेवते, गाण्याआधी चीजने घशात चिकटा येतो. थर्मासमध्ये जेष्ठमधाचं पाणी असतंच.

लोणावळा सुटलं की खरी मजा. बोरघाटातल्या बोगद्यांत गाडीचा आवाज इतका घुमतो की मी तोंड मिटून स्वर धरते आणि शेजारच्याला पत्ताही लागत नाही. पावसाळ्यात बोगद्यातून बाहेर पडताच समोर धबधबा येतो, तेव्हा स्तुतीचं गीत आपोआप ओठांवर येतं.

दहाच्या सुमारास दादर. अकराच्या उपासनेआधी पेटीशी सूर जुळवायला पुरेसा वेळ मिळतो. परतीला मुंबई सीएसएमटीहून संध्याकाळी पाच-दहाला सुटणारी हीच गाडी. तिकीट मात्र आधीच काढा.