सिमेंटचं हायड्रेशन मोजायचंय: कॅलरीमीटर की टीजीए?

सिमेंटमध्ये पाणी पडलं की त्यांची रासायनिक क्रिया, म्हणजे हायड्रेशन, सुरू होते आणि उष्णता सुटते. समतापी कॅलरीमीटर नेमकी तीच मोजतो. काही ग्रॅम पेस्ट कुपीत भरायची, तापमान स्थिर ठेवायचं (आपल्याकडच्या मानकांचं २७ अंश घेतलेलं बरं) आणि आलेख पाहत बसायचं. आधी क्षणिक उसळी, मग काही तासांची सुस्ती, मग ॲलाइटचा (सिमेंटमधल्या मुख्य कॅल्शियम सिलिकेटचा) मोठा उंचवटा. जिप्सम कमी पडलं असेल तर तेही इथेच उघडं पडतं. नमुन्याला हात न लावता सलग नोंद मिळते, हे मोठं सुख. पण आठवडाभरानंतर उष्णता इतकी मंदावते की आकड्यांवर भरवसा उरत नाही. शिवाय उष्णता कशातून आली, हे यंत्र सांगत नाही.

टीजीएचं (थर्मोग्रॅव्हिमेट्रिक ॲनालिसिस, म्हणजे तापवत वजनातली घट मोजणं) काम उलट. ठरावीक वयाला आयसोप्रोपेनॉलने हायड्रेशन थांबवायचं, पूड करायची, सुमारे १००० अंशांपर्यंत तापवत वजन घटताना पाहायचं. ४०० ते ५०० अंशांदरम्यानची घट पोर्टलँडाइटची, म्हणजे हायड्रेशनमधून बनलेल्या कॅल्शियम हायड्रॉक्साइडची. निघालेल्या पाण्याला ७४/१८ ने (पोर्टलँडाइट आणि पाणी यांच्या रेणुभारांच्या गुणोत्तराने) गुणलं की त्याचं प्रमाण मिळतं. नमुना हवेत रेंगाळला तर कार्बोनेशन (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी क्रिया) होतं आणि आकडा फसवा येतो. पहिल्या प्रयत्नात बहुतेकांचं इथेच बिनसतं.

सेटिंगचा (सिमेंट घट्ट होण्याचा) किंवा ॲडमिक्श्चरचा (वरून मिसळलेल्या रसायनांचा) प्रश्न असेल तर मी डोळे झाकून कॅलरीमीटर घेईन. फ्लाय ॲश (औष्णिक वीजकेंद्रांतली कोळशाची राख) मिसळलेल्या सिमेंटला २८ किंवा ९० दिवसांनी तपासायचं तर टीजीएच हवं, कारण राखेने खाल्लेला पोर्टलँडाइट तिथेच दिसतो.