नऊपैकी सहा कॅमेरे विकले: हाती राहिलेल्या ओएम-१ चे आठ महिने

गेल्या रविवारी रोलमध्ये चौदा फोटो शिल्लक असताना माझ्या ओलिंपस ओएम-१ या जुन्या फिल्म कॅमेऱ्यातल्या, उजेड मोजणाऱ्या मीटरची सुई हलेनाशी झाली. सेल गेला. आठ महिन्यांतला हा चौथा. त्याच संतापात लिहायला बसले होते, पण लिहिणं चार दिवस लांबलं आणि तेवढ्यात तो रोल धुऊन आला. त्यामुळे सुरुवातीचं मत आणि शेवटचं मत जुळत नाही. दोन्ही तशीच ठेवली आहेत.

ओएम-१ कसा आहे हे नव्याने सांगत बसत नाही. १९७२ मध्ये तो ‘एम-१’ म्हणून आला, लायका या जर्मन कॅमेरा कंपनीने नावाला हरकत घेतली आणि पुढच्या वर्षी ‘ओएम-१’ झाला, हे जुने कॅमेरे बाळगणाऱ्या सगळ्यांना पाठ असतं. नुसती बॉडी ५१० ग्रॅमची. शटरचा वेग बदलायची कडी लेन्सच्या बुडाशी. व्ह्यूफाइंडर असा मोठा की पहिल्यांदा डोळा लावणारा माणूस ‘अरे!’ म्हणतोच. त्याची रचना करणाऱ्या योशिहिसा मैतानी यांनी हे सगळं एवढ्याशा जागेत कसं बसवलं याचं मला पंधरा वर्षं नवल वाटत आलं आहे, आणि आजही वाटतं. तक्रार त्याबद्दल नाही. तक्रार एका बटणाएवढ्या सेलची आहे.

पण हा कॅमेरा माझ्याकडे का राहिला, ते आधी सांगायला हवं.

गेल्या वर्षी माझं कंत्राटी काम संपलं आणि नवं मिळेना. साठवलेले पैसे तीन महिन्यांत संपले. घराचे हप्ते थांबत नाहीत. कपाटात नऊ कॅमेरे होते, त्यातले आठ चालणारे. एका रात्री मी ते सगळे जमिनीवर चादरीवर मांडले आणि वहीत यादी केली: कोणाला किती येतील. तेवढा एकच रकाना केला. चूक तिथेच झाली, पण ती कळायला पुढचे दोन महिने जावे लागले.

सगळ्यात जास्त येणार होते निकॉन एफएम२ चे, म्हणून तो पहिला गेला. मग रोलाय ३५, यशिका मॅट-१२४जी, कॅनोनेट, पेंटॅक्सचे दोन: स्पॉटमॅटिक आणि के१०००. राहिले तीन. ओलिंपस ट्रिप ३५, कारण त्याचे फार येत नाहीत. बाबांचा बंद पडलेला बॉक्स कॅमेरा, तो विकायचा प्रश्नच नव्हता. आणि हा ओएम-१. तो प्रेमापोटी राहिला असं म्हणायला मला आवडलं असतं. खरं कारण असं की त्याला गिऱ्हाईक मिळालं नाही. व्ह्यूफाइंडरमध्ये दृश्य दाखवणारी काच म्हणजे प्रिझम; त्याच्या वर बसवलेला फोम पन्नास वर्षांत विरघळतो आणि प्रिझमचा चांदीचा मुलामा खातो. माझ्या बॉडीत फाइंडरच्या खालच्या कडेला तपकिरी, नागमोडी डाग दिसतो. फोटोत तो येत नाही, कारण फिल्मवर जाणारा प्रकाश प्रिझममधून जातच नाही. पण विकत घेणारा डोळा लावतो, डाग बघतो आणि कॅमेरा खाली ठेवतो. तीन जणांनी ठेवला.

विकण्याचा अनुभव थोडक्यात सांगते, कारण कोणाला तरी उपयोग होईल. एकगठ्ठा देऊ नका. जुने कॅमेरे घेणाऱ्या एका दुकानदाराने सगळ्या सहांचे मिळून जे सांगितले, त्याच्या दुपटीहून जास्त मला एकेक विकून आले. याच दुकानदाराने आधी रोलाय फोटोंवरून पसंत केला, भाव ठरवला, आणि पार्सल हातात पडल्यावर ‘लेन्समध्ये बुरशी आहे’ म्हणून भाव निम्मा केला. बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी असते, काठाकडून आत बारीक फांद्या फुटत जाते. धुळीचे सुटे ठिपके असतात. मी पाठवण्याआधी टॉर्च तिरपा धरून त्या लेन्सचे अकरा फोटो काढून ठेवले होते. ते पाठवल्यावर उत्तर आलं, ‘मग परत घ्या, खर्च तुमचा.’ घेतला. जातानाचा आणि येतानाचा दोन्ही खर्च मीच भरला, आणि महिन्याभराने तोच कॅमेरा दुसऱ्याने त्या धुळीसकट पूर्ण किमतीला आनंदाने नेला. माणूस अडला आहे असा वास आला की भाव पडतो. आपल्याला घाई आहे हे कोणालाही सांगू नका, मागणीचा दुसरा फोन येईपर्यंत पहिल्याला हो म्हणू नका, आणि टॉर्चचे फोटो मात्र काढून ठेवाच.

एक विक्री मनात राहिली आहे. यशिका घ्यायला एक कॉलेजातली मुलगी आली होती. तिने वरचं झाकण उघडलं, मान वाकवून काचेत पाहिलं आणि समोरची खुर्ची मधोमध आणायला कॅमेरा उजवीकडे वळवला. खुर्ची आणखीच कडेला गेली. कमरेवरून बघायच्या त्या काचेत डावं-उजवं उलटं दिसतं. मी काही बोलले नाही. तिने पुन्हा वळवला, पुन्हा खुर्ची पळाली, आणि तिसऱ्यांदा तिचे हात आपोआप उलटे फिरले. तिने मान वर केली तेव्हा चेहरा असा उजळला होता की मी सांगितलेल्या किमतीतून थोडे स्वतःहून कमी केले. हप्ता भरायचा होता, तरी केले. त्याचं मला जराही वाईट वाटत नाही.

एफएम२ घेणाऱ्याचा मात्र दुसऱ्याच दिवशी फोन आला. ‘ताई, शटरच दाबलं जात नाही, बंद कॅमेरा दिलात.’ मी म्हटलं, रोल पुढे न्यायचा खटका आहे ना, तो थोडा बाहेर ओढा आणि मग दाबा. खटका बॉडीला चिकटलेला असला की त्या कॅमेऱ्याचं बटण मुद्दामच अडवलेलं असतं. फोनवर खट्ट असा आवाज आला. मग बराच वेळ तो काही बोलला नाही, आणि ‘सॉरी ताई’ म्हणाला. तो आवाज ऐकून मी त्या रात्री रडले. १/४००० सेकंदापर्यंत जाणारं शटर, तेही सेलशिवाय. तसा कॅमेरा परत घेणं मला लवकर जमणार नव्हतं.

आता सेल.

ओएम-१ पाऱ्याच्या १.३५ व्होल्टच्या सेलवर चालेल असा केला होता. त्या काळी ते शहाणपणाचंच होतं, कारण पाऱ्याचा सेल संपेपर्यंत व्होल्टेज जवळपास तेच धरून ठेवतो. बनवणाऱ्यांना दोष देता येत नाही. पुढे पाऱ्याचं विष जगाला समजलं. अमेरिकेत १९९६ च्या कायद्याने हे सेल विकणं थांबलं, इतर देशांतही बंदी आली आणि २०१३ मध्ये पाऱ्यावरचा मिनामाता करार झाला. ज्या गावातल्या माणसांनी पाऱ्याने काय भोगलं त्याच गावाचं नाव करारात आहे, तेव्हा बंदी योग्यच. पण माझ्या कॅमेऱ्याच्या बुडातली ती गोल खाच रिकामी राहिली.

तिथे बसणारा साधा अल्कलाइन सेल मिळतो. तो १.५ व्होल्टचा, वर वापराबरोबर उतरत जाणारा. ओएम-१ च्या मीटरला व्होल्टेज सांभाळून घेता येत नाही. जास्त व्होल्ट मिळाले की त्याला वाटतं उजेड जास्त आहे, मग तो प्रकाश कमी घ्यायला सांगतो. पहिले दोन महिने मी हाच सेल वापरला. दोन रोल गेले. निगेटिव्ह पातळ, सावल्यांत नुसती मातीच्या रंगाची रवाळ घाण. फिल्मचा एकेक फोटो मोजून काढायचे ते दिवस होते, त्यात बहात्तर फोटो असे यावेत! मला वाटलं मीटर म्हातारं झालं, आपण चुकीचा कॅमेरा ठेवला. एफएम२ ला कुठेही मिळणारे दोन बटन सेल चालायचे. स्पॉटमॅटिकच्या मीटरची तर रचनाच अशी आहे की व्होल्टेज थोडं इकडेतिकडे झालं तरी सुई खोटं बोलत नाही. हे दोन्ही मी विकले आणि ज्याचा सेल जगात बनत नाही तो ठेवला. यादी करताना ‘किती येतील’ च्या शेजारी ‘चालवायला काय लागेल’ असा दुसरा रकाना हवा होता. कोणावर अशी वेळ आली तर कृपा करून तो रकाना आधी भरा.

मग एका संध्याकाळी राखाडी भिंतीसमोर बसून ओएम-१ आणि मोबाइलमधलं मीटर यांची आकड्याला आकडा तुलना केली. फरक एका स्टॉपपेक्षा थोडा जास्त आला (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). म्हणजे मीटर ठणठणीत होतं, त्याला खुराक चुकीचा मिळत होता.

उपाय निघाला श्रवणयंत्राच्या सेलमध्ये. ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल १.४ व्होल्टचा असतो आणि उतरतीला न लागता शेवटपर्यंत तसाच राहतो. मूळ सेलपेक्षा तो अरुंद असतो, म्हणून भोवती रबराची कडी घालून मधोमध बसवावा लागतो. मी नळाच्या जुन्या वॉशरमधून कापून घेतली. सुई लगेच खरं बोलू लागली. पुढच्या रोलवरचे काळे रंग खोल आणि स्वच्छ आले, आणि त्या रात्री मी निगेटिव्हची पट्टी दिव्यासमोर धरून किती तरी वेळ बघत बसले.

पण हा सेल हवेवर जगतो. पाठीवरची चिकटपट्टी काढली की छिद्रांतून हवा आत शिरते आणि तिथून त्याचं आयुष्य सुरू होतं. तुम्ही फोटो काढा वा न काढा. मीटरची कळ बंद ठेवूनही पहिला सेल चार आठवडे टिकला, दुसरा पाच. तिसऱ्याची एक सोडून बाकी छिद्रं मी परत पट्टीने झाकली, तो नऊ आठवडे गेला. चौथा आठ. आणि तो जाताना काही सांगत नाही. सकाळी सुई उड्या मारत असते, दुपारी मेलेली. मला चीड आहे ती याची. न वापरलेली गोष्ट झिजते, हे माझ्या काटकसरीच्या स्वभावाला आजही सहन होत नाही. मी तर एकदा तो सेल संपेल म्हणून भर पावसात फोटो काढायला बाहेर पडले होते.

यावर कायमचा तोडगा आहे: बुडाची पत्री उघडून तारेत शॉट्की डायोड नावाचा एक छोटा इलेक्ट्रॉनिक भाग जोडायचा, तो सिल्व्हर ऑक्साइडच्या बटन सेलच्या १.५५ व्होल्टमधले वरचे खाऊन टाकतो. भाग अगदी किरकोळ आहे. करून देणारा जाणता हात मिळायला हवा, आणि त्याची मजुरी सध्या मी काढू शकत नाही.

रविवारी तोच प्रकार झाला. सुई गेली, खिशात दुसरा सेल नव्हता, चौदा फोटो बाकी. शटर पूर्ण यांत्रिक, त्याला सेलशी देणंघेणं नाही. मी उन्हाचा जुना नियम धरला: कडक ऊन असेल तर लेन्सचं छिद्र एफ/१६ (आकडा मोठा तितकं छिद्र लहान), आणि शटरचा वेग फिल्मच्या संवेदनशीलतेच्या आकड्याइतका. २०० ची फिल्म, म्हणून त्याला सगळ्यात जवळचा वेग, १/२५०. ढग दाटले की एफ/८. सावलीत एफ/५.६. प्रत्येक फोटोआधी जमिनीवर पडलेल्या सावलीची कड बघायची, ती धारदार आहे की पुसट, आणि अंगठ्याने लेन्सची कडी फिरवायची. ओएम-१ मध्ये वेग आणि छिद्र दोन्ही लेन्सभोवतीच असल्याने डोळा फाइंडरवरून काढावा लागत नाही. पंधरा वर्षं हा कॅमेरा हाताशी होता, पण या मांडणीचा अर्थ मला त्या दिवशी हाताला कळला.

चौदापैकी बारा फोटो बरोबर आले. दोन घरातले अंधारे, ते माझ्या अंदाजाचे. बारांतला एक, उन्हात वाळत घातलेल्या चादरीमागून दिसणाऱ्या आईचा, गेल्या काही वर्षांतला माझा सगळ्यात चांगला फोटो आहे. तेव्हा सुरुवातीला लिहिणार होते ते ‘हा कॅमेरा ठेवू नका’ असं आता लिहीत नाही. बाहेर उन्हात काढायचे असतील तर सेलशिवाय ठेवा. घरात, संध्याकाळी काढायचे असतील तर आधी डायोडचे पैसे बाजूला काढा आणि मगच ठेवा. सहाच्या पाकिटातले दोन सेल माझ्याकडे सीलबंद आहेत. ते मी दिवाणखान्यातल्या फोटोंसाठी राखले आहेत.

हे लिहीत असताना एफएम२ घेणाऱ्याचा निरोप आला. त्याचीही ओढाताण चालली आहे, कॅमेरा काढायचा म्हणतो. ‘पहिला हक्क तुमचा, ताई, त्याच किमतीत.’ मला काम लागून दोनच महिने झालेत, थकलेले चार हप्ते अजून फिटायचे आहेत. मी रात्रभर विचार केला आणि सकाळी नाही म्हणून कळवलं. त्याखाली लिहिलं, घाईत देऊ नकोस, लेन्स वेगळी विक, टॉर्चचे फोटो काढून ठेव. आणि जो कोणी घेईल त्याला खटका बाहेर ओढायचं आठवणीने सांग, नाही तर तो दुसऱ्या दिवशी घाबरून फोन करेल.