लिजिओनेला: आधी प्रयोगशाळा की आधी पाहणी?

लिजिओनेला हा पाण्यात वाढणारा जिवाणू, तुषारांतून श्वासात गेला तर न्यूमोनिया करतो. इमारतीच्या पाण्यात त्याचा धोका किती, हे ठरवायला दोन वाटा. नमुने कल्चरसाठी, म्हणजे जिवाणू वाढवून मोजायला, प्रयोगशाळेत पाठवायचे, नाहीतर टाकीपासून शेवटच्या शॉवरपर्यंत लाइन स्वतः पाहून तापमानाची नोंद ठेवायची. देखभालीच्या कामात मी दोन्ही केलं आहे.

प्रयोगशाळेचा आकडा ठोस असतो, वरिष्ठांना दाखवता येतो. पण कल्चरचा निकाल यायला १० दिवसही लागतात. पीसीआर, म्हणजे जिवाणूचा डीएनए शोधणारी चाचणी, लवकर होतं, मात्र मेलेले जिवाणूही मोजतं. एवढं चाललं असतं. मला वैताग आणला तो ‘निगेटिव्ह’ या शेऱ्याने. नमुना घेणाऱ्याने हाताशी आलेल्या नळाखाली बाटली धरली, रिपोर्ट चांगला आला आणि प्लंबरचं काम लगेच पुढे ढकललं गेलं. ‘पाणी चांगलं आहे ना, मग पाइप कशाला कापायचा?’ पुढे तो पाइप कापलाच. काढून टाकलेल्या बेसिनची बूच मारलेली लाइन होती ती. आत कोमट, गढूळ पाणी आणि बोटाला लागणारा बुळबुळीत थर. लिजिओनेला अशाच थरात तग धरतो, आणि त्या रिपोर्टमध्ये या लाइनचा मागमूस नव्हता.

पाहणीला लागतो थर्मामीटर, लाइनचा नकाशा आणि चिकाटी. २० ते ४५ अंश हा जिवाणू वाढण्याचा पट्टा. गरम पाणी टाकीत ६० आणि नळाला मिनिटभरात ५० अंश मिळालं पाहिजे. बॉयलरच्या काट्यावर विसंबू नका, इमारतभर फिरून टाकीकडे येणाऱ्या परतीच्या पाइपला थर्मामीटर लावा. खरी गोम तिथे कळते. गरम-गार पाणी मिसळणाऱ्या मिक्सिंग व्हॉल्व्हच्या पुढचं पाणी कोमटच असतं, म्हणून तिथून शॉवरपर्यंतचा पाइप जितका आखूड तितका बरा. न वापरलेले नळ आठवड्यातून एकदा तरी सोडावेत, शॉवर सोडताना तुषार नाकात जाणार नाहीत हे पाहून. हे काम कंटाळवाणं आहे आणि नोंदवहीत खोटे आकडे भरणंही सोपं, हे मान्य.

रुग्णालय असेल, कोणी आजारी पडलं असेल, किंवा हवाच अशी की गार पाणी २० अंशांखाली राहतच नाही, तर नमुन्यांना पर्याय नाही. एरवी, माझ्यापुरतं सांगायचं तर, पहिला खर्च पाहणीवर करावा. नमुने मग घ्यावेत, पाहणीत खूण केलेल्या जागांवरचे: सर्वांत लांबचा शॉवर, तोही सकाळी कोणी वापरण्याआधी.