पाणबुडी वाळूवर ठेवायची की पाण्यात?

मित्राने विचारलं, निवृत्त पाणबुडीचं म्युझियम करायचं तर ती जमिनीवर ओढून आणायची की पाण्यातच तरंगत ठेवायची. तर एकाच जातीच्या दोन पाणबुड्या बघा, दोन्ही सोव्हिएत फॉक्सट्रॉट, लांबी साधारण ९१ मीटर. आपली कुरसुरा १९६९ ला नौदलात आली, २००१ ला निवृत्त झाली आणि २००२ पासून विशाखापट्टणमच्या आरके बीचवर उभी आहे. दुसरी बी-३९, २००५ पासून अमेरिकेत सॅन डिएगोच्या म्युझियमजवळ तरंगत होती.

खर्च म्हणाल तर जमिनीवर आणताना एकदम मोठा बसतो, कारण एवढं अवजड धूड समुद्रातून ओढून वाळूवर चढवायचं आणि खाली पक्का पाया द्यायचा. तरंगत ठेवणं सुरुवातीला स्वस्त, पण पाण्याखालचं लोखंड गंजत राहतं आणि ते नीट करायला दर काही वर्षांनी ड्राय डॉकला, म्हणजे पाणी उपसून कोरड्या केलेल्या गोदीत, न्यावंच लागतं, तिथे पैसे कमी पडले की संपलं. बी-३९ चं तेच झालं, गंजून गंजून २०२२ ला भंगारात गेली. फार वाईट वाटलं मला!

खारा वारा कुरसुरालाही सोडत नाही, पण निदान तिचं पोट खालून बघता येतं, रंगवता येतं.

जवळ डॉक असेल आणि दुरुस्तीचे पैसे कायम हातात असतील तर तरंगती ठेवा, पाण्यातली पाणबुडी दिसते खरी सुंदर. पण शहराला पुढच्या पिढीपर्यंत टिकवायची असेल तर वाळूवरच आणा.